इझोराची पांढरी टोपी

टीव्हीवर कोंबडीची एक तळलेली तंगडी नाचत होती आणि तिच्या तोंडी वर्नेल टॉलिव्हरचं गाणं घातलं होतं. "झाकण लोटू नको रे राजा, कोंबडी वाटेवर आहे!" मागे तीच जुनी ट्रम्पेटं, तोच वर्नेलचा ऐन तारुण्यातला गळा. शेवटी एक गुबगुबीत पोरगं बोटं चाटून ढेकर देत होतं.

"बंद कर ते डबडं," वर्नेल म्हणाली. "नाहीतर ही कॉफी इथंच तुझ्या टेबलावर ओकेन."

"अगं, चांगलं चाललंय की!" मर्टिस, तिची धाकटी बहीण, मेम्फिसच्या आपल्या स्वयंपाकघरात शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. "आमच्या चर्चमधली चिल्लीपिल्लीसुद्धा म्हणतात ते. तुझी बहीण म्हणून मला आता भाजीवालाही ओळखतो."

"कोंबडीची बहीण म्हण ना."

"तुझं आपलं काहीतरीच, नेल." मर्टिसनं हसत हसत टीव्ही बंद केला. अंगावर तिचा कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख चढलेला होता. रविवारी चर्चच्या दारात उभं राहून लोकांना जागा दाखवायची तिची सेवा होती. पांढरे हातमोजे टेबलावर नीट घडी घालून ठेवले होते, लोण्याच्या भांड्यापासून चांगले लांब.

ते गाणं कुणी कुणाला विकलं, कसं विकलं, हे वर्नेलला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. एके दिवशी शिकागोतल्या आपल्या घरात तिनं टीव्ही लावला तर समोर तंगडी. पण त्या तंगडीनं एक केलं. जिला लोक मेली समजून बसले होते, ती वर्नेल टॉलिव्हर एकदम सगळ्यांना आठवली. आणि मेम्फिसमधल्या ज्या चर्चनं तिचं नाव तोंडी घ्यायला बंदी केली होती, त्या चर्चनंही तिच्या सत्काराचा रविवार ठरवला.

"आईनं ओळ टाकली," वर्नेल म्हणाली, "तेव्हा तू कुठे बसली होतीस, मर्टिस?"

मर्टिस पुन्हा शेगडीकडे वळली. "आज सकाळी सकाळी हेच उकरायचंय का तुला?"

"इतकी वर्षं विचारतेय. एकदाही सांगितलं नाहीस."

"बिस्किटं करपतील," मर्टिस म्हणाली आणि ओव्हनमध्ये डोकं घालून बसली.

वर्नेल गाणं शिकली ती आईकडून. आई इझोरा आठवडाभर लाँड्रीत दुसऱ्यांचे शर्ट इस्त्री करायची आणि रविवारी पांढऱ्या झग्यात, पांढऱ्या टोपीत चर्चच्या पहिल्या बाकावर बसायची. तो बाक मदरचा. चर्चनं मानानं निवडलेल्या म्हाताऱ्या, सगळ्या अशाच पांढऱ्यात, आणि मेल्यावर त्यांना पुरायचंही पांढऱ्यातच. इझोराचं काम ओळ टाकायचं. ऑर्गन बंद व्हायचा, ती उभी राहून एक ओळ झटकन म्हणायची, आणि सगळं चर्च तीच ओळ ओढून, वळवून, लांबवून तिला परत द्यायचं. तिनं पुढची ओळ दिल्याशिवाय शेवटचा सूर कुणी सोडायचा नाही, ही रीत. बापजाद्यांना वाचता येत नव्हतं तेव्हापासूनची. तिची सगळ्यांत लाडकी ओळ तिनं स्वतः बांधलेली होती. *दार लोटू नको रे देवा, मी वाटेवर आहे.*

ती ओळ वर्नेल घेऊन गेली. बर्फाच्या जुन्या कारखान्यात एक स्टुडिओ होता, तिथं कुणालाच सुरांची लिपी वाचता यायची नाही. वर्नेल एकेका वादकाच्या कानात गुणगुणून त्याचा तुकडा त्याला द्यायची. तिनं आईच्या ओळीतला एकच शब्द बदलला. देवाच्या जागी राजा. रात्रपाळी करून शेवटच्या बसनं घरी निघालेली बाई, आणि नवऱ्यानं कडी लावली असेल का ही तिची धाकधूक, अशी दोन कडवी स्वतः लिहिली. एका दुपारीत गाणं झालं. महिनाभरात ते प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात, प्रत्येक दारूच्या गुत्त्यात वाजायला लागलं.

पुढे तिनं पुष्कळ लिहिलं, पुष्कळ गायली. डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लंडन. मग नाचाच्या गाण्यांचा जमाना आला, ट्रम्पेटवाल्यांना कुणी विचारेना, आणि वर्नेल हॉटेलांत, जहाजांवर, कोळंबी सोलत बसलेल्या लोकांसमोर तेच एक गाणं गात राहिली. लोकांचं लक्ष प्लेटीत. तिला स्वतःच्या आवाजाचासुद्धा वीट आला होता.

पण त्या एका गाण्याची शिक्षा भोगली आईनं. तेव्हाचा म्हातारा पाळक, आताच्या रेव्हरंडचा बाप, भर चर्चमध्ये म्हणाला, सिस्टर इझोरा, उभी राहा आणि सगळ्यांसमोर सांग की लेकीनं माझी प्रार्थना चोरून सैतानाला विकली, तिचा माझा संबंध नाही. इझोरा उभी राहिली. म्हणाली, "चोरली नाही. चाल मी दिली तिला. ओरडायचं तर मला ओरडा." तेव्हा बाकावरची मदर गेदर उठली आणि तिनं इझोराच्या डोक्यावरची टोपी सगळ्यांदेखत ओढून काढली. पिना केसांतच राहिल्या.

इझोरा शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पुढच्या रविवारी ऑर्गन थांबल्यावर नेहमीसारखी उभी राहिली आणि तिनं आपली तीच लाडकी ओळ टाकली. कुणी परत दिली नाही. चर्च खचाखच भरलेलं, हातपंखे हलताहेत, आणि एक तोंड उघडलं नाही. ती ओळ तशीच हवेत राहिली. त्यानंतर इझोरानं गायला कधी तोंड उघडलं नाही. ती गेली तेव्हा तिला तपकिरी झग्यात पुरलं. हे सगळं वर्नेलला आईच्या लाँड्रीतल्या मैत्रिणीनं सांगितलं. वर्नेल त्या रविवारी डेट्रॉइटला होती, आणि तिकडे भरलेलं थिएटर तीच ओळ तिला ओरडून ओरडून परत देत होतं.

म्हणून सत्काराचा फोन आला तेव्हा तिनं दोनच गोष्टी मागितल्या. बाकी मदरच्या रांगेत आईचा फोटो लावा. आणि आईशी इथं काय केलंत ते व्यासपीठावरून स्वतःच्या तोंडानं सांगा. मग गाईन.

"रेव्हरंडनी शब्द दिलाय ना," मर्टिस हातमोजे चढवत म्हणाली. "फोटोसुद्धा काल लागलाय म्हणे. मीच दिला. पोर्चवर खुर्चीत बसलीय तो, गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यातला."

"सांगतील ना पण?"

"सांगतील गं. चल आता, उशीर होतोय."

चर्चच्या पायऱ्यांवर रेव्हरंड लुशियस पेटवेनं वर्नेलचा हात धरला, तोंडाशी नेला आणि मुका घेतला. ओला. पेपरमिंटच्या गोळीचा चिकटा तिच्या बोटांवर राहिला. पुसावा तर समोर टीव्हीवाल्यांचा कॅमेरा. शेवटी तिनं हात मागे नेऊन झग्याला पुसला.

"सिस्टर टॉलिव्हर! आलात एकदाच्या आपल्या घरी!"

"घर कसलं? तुमच्या वडिलांनी हाकललं होतं मला इथून."

रेव्हरंड सगळे दात दाखवून हसला, कॅमेऱ्याकडे वळून. "बघा, जीभ अजून तशीच आहे! या, या, आपल्या आईसाहेबांचं दर्शन घ्या."

आत शिरल्या शिरल्या दाराजवळच्या भिंतीवर गेलेल्या सगळ्या मदरचे फोटो होते. शेवटचा इझोराचा. वर्नेल जवळ गेली. पोर्चवरची तीच खुर्ची, तोच सुकलेला चेहरा, तेच थकलेले डोळे. आणि डोक्यावर पांढरी टोपी. रंगवलेली! जाड पांढऱ्या रंगाचे फराटे कपाळापर्यंत ओघळलेले, एक कान अर्धा बुजलेला.

"अगंबाई!" मर्टिस मागून म्हणाली. "नेल, मला खरंच माहीत नव्हतं. देवाशपथ."

"ब्रदर स्टोक्सनं रंगवली," रेव्हरंड कौतुकानं म्हणाला. "दुकानांच्या पाट्या रंगवतो तो. बाकीच्या सगळ्या टोपीत, आणि ह्या एकट्याच उघड्या डोक्याच्या, बरं दिसलं नसतं हो. लोक विचारतात."

"विचारायलाच हवंत लोकांनी."

"आणि हे बघा, तुमच्या गाण्याचंही मी बघितलंय. चर्चमध्ये 'राजा' कसं चालेल? तिथं आपण 'देवा' घातलं. एवढा एकच शब्द बदलला की गाणं कसं पवित्र झालं! मला रात्री सुचलं."

वर्नेल त्याच्याकडे बघत राहिली. ज्या शब्दाला ह्यानं सोनं सापडल्यासारखा हात लावला होता, तो तिच्या आईचाच शब्द होता. ह्याच्या बापानं आईला त्या ओळीसकट मुकी केली होती, आणि आता हा नालायक तोच शब्द परत आणून वर शाबासकी मागत होता. तिला त्याच्या चकचकीत बुटांवर थुंकावंसं वाटलं. तिनं थुंकी गिळली.

"व्यासपीठावरून सांगणार आहात ना?" तिनं विचारलं.

"सगळं सांगणार! अगदी मनापासून."

आत जून महिन्याचा उकाडा होता. अत्तर, घाम आणि मागच्या स्वयंपाकघरातून तळल्या कोंबडीचा वास. आजही कोंबडीच! हातपंखे फडफडत होते. पहिल्या बाकाच्या टोकाला मदर गेदर बसली होती, वाळून चिपाड झालेली, पण पाठ ताठ आणि टोपी त्याहून ताठ. वर्नेल पुढे गेली तेव्हा म्हातारीनं मान वळवून तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. हसली नाही. साऱ्या चर्चमध्ये न हसणारं तेवढं एकच तोंड होतं.

रेव्हरंड व्यासपीठावर चढला. रुमालानं मान पुसली.

"आज आपण कुणाची आठवण काढतोय? मदर इझोरा टॉलिव्हर!"

"आमेन!" चर्च गरजलं.

"जिनं ही पांढरी टोपी शेवटच्या श्वासापर्यंत मानानं मिरवली!"

"आमेन!"

"जिनं आपली लेक हसत हसत जगाला दिली, आणि हे चर्च! हे चर्च त्या माउलीच्या पाठीशी उभं राहिलं!"

"आमेन! आमेन!"

पलीकडच्या बाकावर सत्तरीतली एक बाई डोळे पुसत होती. तिला वर्नेलनं ओळखलं. लाँड्रीतल्या मैत्रिणीनं सांगितलेल्या नावांत हिचंही होतं, ती त्या रविवारी इथंच होती. ही रडतेय कशाबद्दल? ह्या सगळ्यांना खरंच असं वाटतंय की असंच घडलं होतं? वर्नेलला ह्यांच्या खोटेपणाचा राग आला असता तर बरं, रागाची तिला सवय होती. पण हे खोटं नव्हतंच आता. ह्यांनी ते चघळून चघळून गिळलं होतं आणि त्यांच्या अंगी लागलं होतं.

"सिस्टर वर्नेल टॉलिव्हर!" रेव्हरंडनं माइक पुढे केला. बँड तयार होता. ट्रम्पेटवाल्यानं त्या जाहिरातीतली सुरुवात वाजवली आणि माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. कुणीतरी मागून ओरडलं, "कोंबडी वाटेवर आहे!" मोठा हशा झाला. रेव्हरंडही हसला.

आता निघून जावं, असं वर्नेलच्या मनात आलं. पण गेली असती तर आईची ओळ पुन्हा तशीच हवेत राहिली असती आणि भिंतीवर ती रंगवलेली टोपी कायमची. तिनं ट्रम्पेटवाल्याला हातानं थांबवलं. ऑर्गनवाल्याकडे बघून मान हलवली. तोही थांबला. ऑर्गन थांबल्यावर काय येतं हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. ते आपोआप खाली बसले, पाय जमिनीला टेकवून, कान टवकारून.

"दार लोटू नको रे देवा, मी वाटेवर आहे," वर्नेलनं ओळ टाकली. झटकन, सपाट, अगदी आई टाकायची तशी.

आणि चर्चनं ती उचलली. अहाहा! काय उचलली! जमिनीखालून यावा तसा तो आवाज आला, संथ, जडशीळ, वळसे घेत. पाय लाकडी फरशीवर पडायला लागले. ह्याच ओळीला ह्यांनी एकदा उत्तर दिलं नव्हतं. वर्नेलचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी स्वतःचाच तिला तिटकारा आला. इतक्या स्वस्तात? एका ओळीवर विरघळायचं?

तिनं पुढची ओळ आईची दिली नाही. जागच्या जागी बांधली.

"इझोरानं ओळ टाकली, घर भरलेलं होतं."

चर्चनं ती परत दिली. डोळे मिटून, माना डोलवत. हात वर गेले.

"तोंडं आम्ही मिटून बसलो, पंखे हलत होते."

तीही परत दिली! अख्खं चर्च हातपंखे हलवत, ओढून ओढून, आम्ही तोंडं मिटून बसलो, असं गळा फाडून गात होतं. एकालाही कळलं नव्हतं काय गातोय ते. ओळ आली की परत द्यायची, एवढंच रक्तात होतं. "गा, सिस्टर!" कुणीतरी भारावून ओरडलं. रडणारी बाई आता उभी राहून झुलत होती. फक्त मदर गेदरचं तोंड मिटलं होतं. तिला पहिल्याच शब्दाला कळलं होतं. तिची नजर वर्नेलवरून हलली नाही.

"पांढरी टोपी ओढून काढली, पिना केसांत राहिल्या."

आता पहिल्या दोन-तीन बाकांवरचे सूर अडखळले. एकीनं दुसरीकडे पाहिलं. पण मागच्यांना, गायकवृंदाला, कॅमेरा बघायला आलेल्यांना काय त्याचं? पुढचे गळे बसले तसा मागच्यांनी आवाज चढवला आणि टोपी ओढून काढली, काढली, काढली, असं छप्पर हादरेपर्यंत गायले.

"मेल्यावरती रंग फासला, भिंतीवरती टांगली."

रेव्हरंड स्वतः माइकशी होता. त्यानं डोळे मिटून "रंग फासला" एवढं मस्तपैकी ओढून म्हटलं आणि मग त्याचे डोळे उघडले. तोंड तसंच उघडं राहिलं. जिभेवर पेपरमिंटची गोळी दिसत होती.

मदर गेदरचे हात टोपीकडे गेले. काढते की काय, असं वर्नेलला वाटलं. म्हातारीनं टोपी दोन्ही हातांनी अजून खाली ओढली, घट्ट बसवली आणि हात मांडीवर ठेवले. वर्नेलला हसू आलं, कडवट. निदान हिनं ऐकलं तरी.

शेवटचा सूर चालू होता. पुढची ओळ येईपर्यंत सोडायचा नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, ज्यांना कळलं ते आणि ज्यांना नाही तेही, आणि सूर धरून होते. वर्नेलनं माइक खाली ठेवला आणि ती चालायला लागली. मधल्या वाटेनं, दाराकडे. पुढची ओळ तिनं दिलीच नाही.

दाराशी मर्टिस उभी होती, पाठ दाराला लावून, पांढऱ्या हातमोज्याचा पंजा समोर धरून. गाणं चालू असताना कुणाला आत-बाहेर करू द्यायचं नाही, हा तिच्या सेवेचा नियम. तिचा चेहरा घामानं आणि आसवांनी निथळत होता.

"सरक, मर्टिस."

मागे रेव्हरंड माइकवरून ओरडला, "सिस्टर मर्टिस! दार!"

मर्टिसनं एकवार त्याच्याकडे पाहिलं. मग वळली आणि तिनं दार सताड उघडलं. वर्नेलनं भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून उतरवला, काखेत मारला आणि दोघी बाहेर पडल्या.

बाहेर रणरणतं ऊन होतं. खालच्या पायरीवर वर्नेल बसली, फोटो काचेतून काढून मांडीवर घेतला आणि नखानं रंग खरवडायला लागली. आत अजून तो सूर चालूच होता. कुणाला सोडायची हिंमत नव्हती की कुणाला कळत नव्हतं, देव जाणे.

मर्टिस शेजारी बसली. "नेल," ती म्हणाली, "तिच्या शेजारी."

"काय?"

"तू विचारत होतीस ना, मी कुठे बसले होते. तिच्या शेजारी. माझा खांदा तिच्या खांद्याला लागत होता. ओळ टाकली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. आणि मी..."

वर्नेलचं नख थांबलं. इतका वेळ तिला आतल्या सगळ्यांची शिसारी आली होती. आता तीच शिसारी पायरीवर, अगदी शेजारी येऊन बसली होती. उठावं, गाडीत बसावं, शिकागो गाठावं आणि हिचं तोंड पुन्हा बघू नये. खुशाल दारात उभी राहून लोकांना जागा दाखवत राहू दे हिला.

"मोजे काढ," ती म्हणाली.

मर्टिसनं काढले.

"खरवड. केसांकडून धर, चेहऱ्याला नख लावू नकोस."

दोघी खरवडत बसल्या. पांढरे पोपडे झग्यांवर पडत होते. कान मोकळा झाला, मग कपाळ. रंगाखालून आईचे केस निघाले, विरळ, उन्हात बसून विस्कटलेले.

"दार लोटू नको रे देवा," वर्नेल हळूच म्हणाली. गायली नाही, नुसती म्हणाली. आणि थांबली.

मर्टिसनं वर्नेलकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग तिनं ओळ उचलली. बेसूर, फाटक्या गळ्यानं, पण उचलली, आणि ओढत ओढत दम संपेपर्यंत नेली, डोळे आईच्या फोटोवर लावून.

वर्नेलनं तिला पुढची ओळ दिली.